वॉचमनची शिट्टी आणि नाशिकची बॅग

आमच्या सोसायटीचे सर्व सभासद, नाशिकची सासरची मंडळी, कल्याणचे दोन हार्टवाले डॉक्टर आणि मला घेऊन भरधाव धावलेले डोंबिवली पूर्वेचे तमाम रिक्षावाले यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिका नव्वद ते ब्याण्णव या सालांच्या दरम्यान वारंवार मेली. इतक्या वेळा, की पुढे पुढे घरच्यांनी हातातलं वर्तमानपत्रही खाली ठेवणं सोडून दिलं. प्रत्येक मरण छातीपासून सुरू झालं आणि लिंबाच्या सरबतापाशी संपलं. एकाही मरणानंतर शोकसभा झाली नाही, ही लेखिकेची तक्रार अजून कायम आहे.

हसून घ्या. मीही आता हसते. पण ज्यांच्या घरात कुणी असं रोज मरत असेल त्यांनी पुढचं वाचावं, आणि जी माणसं स्वतःच मरत असतील त्यांनी तर बसून, पंखा लावून, सावकाश वाचावं. ते दिवस हसण्यासारखे नव्हते.

खेळात खंड

मी मंगळागौरीच्या खेळांची उस्ताद. आमच्या ओळखीत कुठेही नवी सून आली आणि श्रावण लागला की निरोप यायचा, "नलूताईंना बोलवा, नाहीतर सगळ्या बायका नुसत्या बसून फराळ हाणतील." मी जायची, पदर खोचायची आणि तासा-दोन तासांत साठीच्या बायकांनाही झिम्म्यात खेचायची. फुगडी ही माझी खास गोष्ट. अंगाने मी भरलेली, त्यामुळे एकदा गिरकी धरली की समोरचीचे पाय जमिनीला लागलेत की नाही ते तिचं तिलाच कळायचं नाही.

नव्वदच्या श्रावणात कल्याणला एका मैत्रिणीच्या सुनेची मंगळागौर होती. सूनबाईचे हात धरले, मागे रेललो, गिरकी सुरू झाली. बायका टाळ्या वाजवतायत, माझ्या तोंडून फूऽ फूऽ चालू आहे, आणि एकदम काहीतरी बदललं. खोली थांबली तरी मी फिरत राहिले. काळीज गळ्यात आलं. बोटांना मुंग्या आल्या. श्वास आत जाईना, आणि गेलेला बाहेर येईना. डोक्यात एकच वाक्य, अगदी स्वच्छ: मी आत्ता मरतेय.

मी हात सोडले. ती बिचारी नवी नवरी थेट गौरीच्या आरासीत जाऊन बसली. मी जिना उतरून रस्त्यावर, अनवाणी. मागून बायका धावतायत, कुणी कांदा हुंगवतंय, कुणी म्हणतंय, "नजर लागली." मैत्रिणीच्या दिरानं रिक्षा आणली. दवाखान्यात छातीला वायरी लावल्या. कागदाची पट्टी सरसर बाहेर आली.

"नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. "जेवण जड झालं असेल."

नॉर्मल

हा शब्द ऐकला की माणसाला हायसं वाटतं असा तुमचा समज असेल. तो समज पट्टी एकदाच निघते तोवर खरा. मला पंधरवड्याला एक पट्टी लागायला लागली. भाजी चिरताना व्हायचं. केस विंचरताना व्हायचं. काहीच करत नसताना तर हमखास. हे मानपाड्याच्या बाजूला रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. तिथल्या ऑफिसात फोन गेला की गेटवरचा माणूसच सांगायचा, "साहेब, वहिनी परत गेल्या."

पट्टी नॉर्मल. रक्त नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल. आमचे फॅमिली डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स देऊन म्हणाले, "मन रमवा." मी म्हटलं, "मन कसलं रमवू, ते जागेवर असलं तर ना!" ते हसले. मी हसवायला बोलले नव्हते.

कारण नॉर्मल म्हणजे काय, तर मला जे होतंय ते नाहीच. दुखणं खोटं, म्हणजे बाई खोटी. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. पण मी छातीवर हात ठेवला की त्या आमटीखालचा गॅस बारीक करायच्या, जसं काही आता थोडा वेळ जाणार. आणि हे, जे माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते, ते एक दिवस म्हणाले, "नलू, तुला काहीही झालेलं नाही! कितीदा सांगू? काही-ही ना-ही!"

मग मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आले नाहीत. नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी. मला बाहेर ऐकू येत होतं.

नकाशा

हा आजार माणसाला अंथरुणाला खिळवत नाही. तो आपल्या गावाचा नकाशा घेतो आणि कात्रीने कडेकडेने कापत येतो.

पहिलं कल्याण गेलं, कारण तिथे झालं होतं. मग स्टेशनजवळचा बाजार, कारण तिथे झालं तर गर्दीतून कुणी बाहेर काढायचं? मग वाचनालय, कारण तिथे एकदा नुसती आठवण झाली होती. मग देऊळ, मग वाण्याचं दुकान. मग आमचा जिना. शेवटी मी घरात होते, आणि घरातही मोरीची कडी लावायची नाही, देवघराच्या कोपऱ्यात अंधारात बसायचं नाही, आणि एकटीनं तर राहायचंच नाही.

सासूबाई दुपारी कीर्तनाला जायच्या. त्या गेल्या की मी दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात बसायची. मेले तर निदान जिन्यावरून जाणाऱ्याला दिसेन, एवढाच हिशोब. ठाण्याच्या कोळीवाड्यातून एक मावशी मासळी घेऊन आमच्या इमारतीत यायच्या. त्यांनी दोन-तीनदा बघितलं.

"काय गो वैनी, आज पन दरवाजा उघराच?"

"वारा येतो मावशी."

वारा कुठला? आमच्या जिन्यात उदबत्तीचा धूरसुद्धा हलायचा नाही. त्यांनी टोपली उतरवली, पायरीवर बसल्या, म्हणाल्या, "माजे पाय दुकतान. बसतंय जरा." त्यानंतर आमच्या मजल्यावर त्यांचे पाय रोज दुखायला लागले. सासूबाई परत येईपर्यंत दुखायचे, मग बरे व्हायचे. काय झालंय हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी आजतागायत त्यांच्याकडून बोंबिलाचा भाव पाडून घेतलेला नाही.

केतकी

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

माझी मुलगी केतकी तेव्हा सहा वर्षांची. खाली मैदानात पोरं तिला हाका मारायची. ती दारापर्यंत जायची, चप्पल घालायची आणि वळून माझ्या तोंडाकडे बघायची. नुसतं बघायची नाही. डॉक्टर बघतात तसं. मग परत यायची, माझं मनगट दोन बोटांत धरायची आणि ओठ हलवत मोजायची. कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकली होती.

"जा ना गं खेळायला."

"नको. तुला होईल."

एकदा शाळेची सहल होती, टिटवाळ्याला. डबा भरला, नवी टोपी आणली. निघायच्या वेळी पोरगी भिंतीला टेकून उभी, चेहरा पांढरा.

"आई, माझ्या पण छातीत धडधडतंय."

मी मेले असं मी वरती पुष्कळदा लिहिलंय. ते सगळं नाटक समजा. खरी त्या दिवशी मेले.

ही गोष्ट नाशिकला वन्संच्या कानावर गेली. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या आल्या, सगळं बघितलं, चष्मा पुसला आणि मला समोर बसवून म्हणाल्या, "नलिनी, मी तुला दोष देत नाही. पण ही पोर तुझ्यासारखी होत चाललीय. मेपर्यंत तुझं काही जमलं तर आनंद आहे. नाहीतर जूनपासून ती नाशिकला, माझ्या शाळेत."

मी भांडायला पदर खोचला आणि पुन्हा सोडला. त्यांचं बरोबर होतं. शत्रू चुकीचा असता तर किती सोपं झालं असतं!

ठाण्याच्या बाई

कल्याणच्या दुसऱ्या हार्टवाल्या डॉक्टरांनी शेवटी हात जोडले. "तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. आता माझ्याकडे येऊ नका. ठाण्याला एक बाई आहेत, मानसोपचार करतात. त्या डोक्यातल्या मेंदूचा विचार करून छातीवर इलाज करतात, असं ऐकलंय."

सासूबाईंनी "वेड्यांची डॉक्टर" हे दोन शब्द असे उच्चारले की देवातली समईही जरा फडफडली. पण ह्यांनी ऐकलं नाही. प्रश्न होता मी ठाण्याला जायची कशी? मरताना उचलून रिक्षात घालायचे ते वेगळं, एरवी जिना उतरत नव्हते मी! शेवटी कारखान्याचा टेम्पो ठाण्याला माल टाकायला जायचा त्यात मला बसवलं. ड्रायव्हरशेजारी ह्यांचा दंड धरून, डोळे मिटून, शीळफाट्यापासून मुंब्र्यापर्यंत रामरक्षा, आणि मुंब्र्यापासून ठाण्यापर्यंत ह्यांना शिव्या. उतरले तेव्हा साडीचा काठ मूळचा पिवळा होता तो गर्द गुलाबी झालेला. सीटवर रंग सांडला होता. अशा थाटात मी आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या बाईसमोर उभी राहिले.

बाई तिशीच्या. एका पॉलिक्लिनिकच्या मागची खोली, शेजारी दातांचे डॉक्टर, त्यांच्या यंत्राचा आवाज भिंतीतून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "मन रमवा" म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "याला नाव आहे. पॅनिक म्हणतात. तुमच्यासारखी पुष्कळ माणसं आहेत."

मी रडायला लागले. ह्यांना वाटलं वाईट बातमी आहे. अहो, आनंदानं रडत होते! दीड वर्ष जे नाहीच असं सगळे म्हणत होते, त्याला चक्क नाव होतं. बारसं झालेलं दुखणं होतं माझं.

"तुमच्या सोसायटीला वॉचमन आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे. झोपलेला असतो."

"तुमच्या डोक्यातला झोपत नाही. कानशिलाच्या आत, खोलवर, दोन्हीकडे बदामाएवढा एकेक भाग आहे मेंदूचा. त्याचं काम शिट्टी मारायचं. आणि विचार करणारा भाग इथे, कपाळामागे. तो सोसायटीचा सेक्रेटरी. खाली सावली हलली की वॉचमन आधी शिट्टी मारतो. सेक्रेटरी चष्मा शोधून, सदरा घालून, जिना उतरून येतो आणि म्हणतो, अरे, हे तर मांजर! तोवर अख्खी सोसायटी काठ्या घेऊन खाली आलेली असते. ती धडधड, तो घाम, त्या मुंग्या म्हणजे काठ्या घेऊन उतरलेली सोसायटी. दुसरं काही नाही."

"मग त्याला सांगा ना कुणीतरी, की मांजर आहे!"

"तीच तर गंमत आहे. त्याला भाषा येत नाही. कुठलीच. तुमचे यजमान तुम्हाला 'काही झालेलं नाही' सांगतात ते सेक्रेटरीला ऐकू येतं. त्याला ते आधीच माहीत आहे." मग त्यांनी टेबलावरचं पुस्तक पुढे ओढलं. "मीसुद्धा आधी पेशंटना तासन् तास समजावत बसायचे. अलीकडे मेंदूवर जे नवं संशोधन येतंय ते वाचायला लागले तेव्हा कळलं, की मी आजवर सेक्रेटरीशीच गप्पा मारत होते. वॉचमनशी कुणी बोललंच नव्हतं."

"त्याच्याशी बोलायचं कसं?"

"तो फक्त बघतो. काय झालं ते बघतो आणि लक्षात ठेवतो. तुम्ही प्रत्येक शिट्टीला पळालात. त्याला वाटलं, चोर होताच, माझ्यामुळे बाई वाचल्या. म्हणून पुढच्या वेळी आणखी जोरात. आता शिट्टी वाजली की पळायचं नाही. त्याला बघू दे, की चोर आलाच नाही."

घरी येऊन मी सासूबाईंना हे सगळं अभिनयासकट करून दाखवलं. त्यांनी बाकी सगळं सोडलं आणि बदाम तेवढा पकडला. त्या मला आणि केतकीला बुद्धीसाठी रोज सकाळी भिजवलेले बदाम द्यायच्या. दुसऱ्या दिवसापासून वाटी बंद.

"आई, बदाम?" मी सासूबाईंना विचारलं.

"नको गं बाई. आधीच आहेत तेवढे पुरे झाले."

दाताच्या डॉक्टरांचं स्टूल

मला वाटलं होतं, आता बाई मंत्र सांगतील, शांत संगीत लावतील. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "आज आपण मुद्दाम शिट्टी वाजवायची."

"मुद्दाम?"

"धडधड, चक्कर, दम लागणं, हे सगळं तुम्ही स्वतः आणायचं. इथे. माझ्यासमोर."

आगीनं पोळलेल्या बाईला कुणी काडेपेटी देईल का? माझं हृदय ठणठणीत असल्याचा कल्याणचा कागद त्यांनी आधी नीट वाचला होता, हे मुद्दाम सांगते. तुम्ही आपले घरच्या घरी प्रयोग करू नका. तर त्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं, पेशंटला फिरत्या खुर्चीत बसवून गरागरा फिरवावं. खोलीत खुर्च्या लाकडी. म्हणून शेजारच्या दाताच्या डॉक्टरांचं फिरतं स्टूल मागून आणलेलं. ते दर फेऱ्याला असं कुईंऽ करायचं की पलीकडचा पेशंट ओरडायचा.

बाईंनी मला फिरवलं. आली. अगदी तीच, कल्याणची. खोली फिरतेय, काळीज गळ्यात, बोटं बधिर.

"बाई, पाणी!"

"नंतर."

"हात धरा माझा!"

"नाही धरणार. धरला तर वॉचमनला वाटेल हातामुळे वाचल्या."

"मी मरतेय हो!"

"दहापैकी किती वाटतंय?"

"अकरा!"

त्या समोर बसून राहिल्या. मी त्यांचा एवढा द्वेष केला, एवढा माझ्या आयुष्यात मी कुणाचा केला नाही. दार पाच पावलांवर होतं आणि त्याला कडी नव्हती. गेले नाही ते धैर्यामुळे नव्हे. पाय लटपटत होते म्हणून. आणि मग, कुणी काही न करता, अकराचे नऊ झाले. सात झाले. भिंतीपलीकडचं यंत्र ऐकू यायला लागलं. मी अजून स्टुलावर होते.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उतरलं," मी म्हटलं. आणि मग तोंडातून निघून गेलं, "बाई, याला आमच्यात फुगडी म्हणतात."

त्या बघत राहिल्या. मग खुर्चीतून उठल्याच. "अहो खरंच की! आणि मी हे स्टूल मागत हिंडतेय!" त्यांनी आपल्या पुस्तकातल्या त्या पानावर, समासात, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. "मग आता घरी रोज फुगडी. धडधडेपर्यंत. धडधडली की थांबायचं, पळायचं नाही, उतरेपर्यंत तिथेच उभं राहायचं."

मी हसायला हवं होतं. पण दीड वर्षात मी कुणाचा हात धरून गिरकी घेतली नव्हती, ते तेव्हा आठवलं, आणि परतीच्या टेम्पोत गुलाबी काठ डोळ्याला लावून बसले.

जोडीदार

फुगडीला जोडीदार लागतो. सासूबाईंचे गुडघे गेलेले. केतकीला मला हे दाखवायचं नव्हतं, तरी ती दाराच्या फटीतून बघायचीच. उरले कोण?

डोंबिवलीच्या इतिहासात लेंगा-बनियनवर, घामाघूम होऊन, बायकोचे हात धरून फुगडी घालणारे स्टोअरकीपर हे एकच. हे मुळात मोजून बोलणारे, मोजून चालणारे. पहिल्या दिवशी पायच अडकले आणि दोघं कॉटवर. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या करमरकरकाकांनी काठीनं छत ठोकलं. तिसऱ्या दिवशी वर येऊन म्हणाले, "तुमच्याकडे काय मसाला कुटतात का रोज?"

"नाही काका," हे दम खात म्हणाले, "हिचं औषध चाललंय."

काका ह्यांच्या ओल्या बनियनकडे, माझ्या खोचलेल्या पदराकडे बघून जे गेले, ते महिनाभर जिन्यात नजर द्यायचे नाहीत.

हे सगळं मी मजेत सांगतेय. प्रत्यक्षात तो काळ सगळ्यात वाईट होता. गोळ्याही चालू होत्या, एका डॉक्टरांनी दिलेल्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण औषध म्हणून रोज स्वतःच्या हातानं मरण बोलवायचं! काही दिवस धडधड लवकर उतरायची. मी जिना उतरले, वाण्याकडे गेले, एकटीनं मोरीची कडी लावली. मग एप्रिलच्या अखेरीस सगळं उलटलं. एका आठवड्यात दुपारी, सकाळी, केव्हाही. बाई म्हणाल्या, "होतं असं. वॉचमन हट्टी आहे, तो नोकरी सोडायच्या आधी शेवटचा गोंधळ घालतो." मला ते पटलं नाही. मला वाटलं, संपलं.

त्या आठवड्यात मी केतकीचे फ्रॉक इस्त्री केले. एकेक घडी केली. कुणी सांगितलं नव्हतं. नाशिकला ती तरी नीट श्वास घेईल, असं मनाशी म्हणत बॅग भरली, वर तिची बाहुली ठेवली आणि चेन ओढली. हे दारात उभे होते. बाहुलीचा एक पाय चेनमध्ये अडकत होता तो तेवढा त्यांनी आत सारला.

मे

वन्सं आल्या. चहा झाला. केतकी नवे बूट घालून कॉटवर बसली होती. सासूबाई माळ ओढत होत्या, पण मणी पुढे जात नव्हता. हे रिक्षा बघायला खाली गेले. बॅग दारात.

वन्संनी बॅग उचलली, आणि शिट्टी वाजली.

इतकी मोठी कधीच वाजली नव्हती. फुगडी नाही, स्टूल नाही, आपोआप. घशापर्यंत काळीज, हात बधिर, डोळ्यांपुढे कडा काळ्या. सगळं अंग एकच सांगत होतं: आत पळ, आडवी हो, ह्यांना हाक मार. केतकीनं माझ्याकडे बघितलं. कॉटवरून उतरली, बुटांचा आवाज करत आली आणि दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली.

मी हात काढून घेतला.

"नको सोन्या. आज मोजू नकोस. येऊ दे त्याला."

"आई, तुला होतंय!"

"होतंय. बघ, होतंय. आणि मी इथेच आहे." आवाज कापत होता, तो लपवला नाही. मग वन्संकडे वळले. बाईंनी सांगितलं होतं, लाट आली की तिला म्हणायचं, एवढीच? आणखी ये. "वन्सं, बॅग ठेवा खाली. हात द्या."

"कशाला?"

"फुगडी घालू."

"नलिनी, वेडबीड लागलंय का तुला?"

"ते मागाहून बघू. हात द्या!"

मुख्याध्यापिकेला असं ओरडून सांगणारं कुणी बहुधा कधी भेटलं नसावं. त्यांनी बॅग ठेवली आणि हात पुढे केले. मी घट्ट धरले, मागे रेलले. आणि काय सांगू! त्या बाईच्या पायांना येत होतं. माहेरच्या अंगणात कधीकाळी घातलेल्या फुगड्या त्या पायांत होत्या. पहिला फेरा जड, दुसरा बरा, आणि मग आम्ही दोघी भरल्या अंगाच्या बायका त्या एवढ्याशा खोलीत गरगरायला लागलो. चष्मा उडाला. सासूबाईंनी पाय वर घेतले. खालून करमरकरकाकांची काठी. माझं काळीज फुटायच्या बेतात होतं, मी मनात म्हणत होते, वाजव, अजून वाजव, सगळी सोसायटी बोलव! तोंडातून फूऽ फूऽ निघत होतं. त्यात एक तिसरा आवाज आला. केतकी हसत होती. पोट धरून.

वन्संनी हात सोडले. त्या फतकल मारून खाली, मी कॉटला धरून उभी. उभीच. कुणाचा हात नाही, पाणी नाही. खोली फिरत होती. मी तिला फिरू दिलं. हळूहळू भिंती आपापल्या जागी आल्या. कॅलेंडर स्थिर झालं. काळीज गळ्यातून खाली उतरलं, पायरी पायरीनं, म्हाताऱ्या माणसासारखं. चोर आला नाही.

फरशीवरून वन्संचा आवाज आला, मुख्याध्यापिकेचा अजिबात नव्हता तो. "अगं बाई! माझ्या छातीत केवढं धडधडतंय! श्वास पुरेना! डॉक्टरांना बोलवा कुणीतरी!"

केतकी त्यांच्याजवळ उकिडवी बसली. मी बघत होते. तिनं मनगट धरलं नाही. आत्याचा चष्मा शोधून तिच्या मांडीवर ठेवला आणि थोड्या कंटाळलेल्या सुरात म्हणाली, "आत्या, फुगडीनं असंच होतं गं. आपोआप जातं. आईचं बघ, गेलं पण."

खाली मैदानातून तिला हाक आली. तिनं बूट काढून भिरकावले, चप्पल घातली आणि दारातली बॅग ओलांडून गेली. जिन्यावर चपला वाजत वाजत खाली गेल्या. ती वळली नव्हती. माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

वरती आम्ही तिघी. वन्सं जमिनीवर बसून बॅगेकडे बघत होत्या, मी वन्संकडे बघत होते. आणि दोन वर्षांत माझ्या दुखण्याबद्दल जेमतेम चार शब्द बोललेल्या सासूबाई माळ बाजूला ठेवून एकदम ओरडल्या,

"अगं, बघत काय बसलात दोघी? आधी ती बॅग उपसा! पोरीचे सगळे फ्रॉक आत आहेत, संध्याकाळी घालायचं काय तिनं?"